गाडी काहून थांबली

टेम्पोतून उतरवताना गाडीचं मागचं चाक फिरेना, म्हणून आम्ही ती उचलूनच खाली ठेवली. उंदरांनी सीटमधला स्पंज कोरून नेला होता. टाकीवर कोंबड्यांची घाण वाळून पांढरे ओघळ झाले होते, आणि चेन गंजून एकसंध दांडा झाली होती. मी टाकीचं झाकण उघडलं. आतून पेट्रोलचा नाही, जुन्या वॉर्निशसारखा वास आला.

"आठ महिने गोठ्यात होती जी," सोबतचा म्हातारा म्हणाला. "मी म्हनलो, भंगारात देऊन टाकू. सून आयकत नाई."

सून टेम्पोच्या सावलीत उभी होती. तिशीची असेल. खांद्याला डाकेची खाकी थैली.

"होईन ना नीट, मिस्त्री भाऊ?" तिनं विचारलं.

मी उत्तर द्यायच्या ऐवजी नंबर प्लेटवरची माती अंगठ्यानं पुसत बसलो. खरं म्हणजे नंबर बघायची गरज नव्हती. सावरफाट्यावर ती गाडी ओळखत नाही असा माणूस नव्हता. मोहबोडीचे दिवाकर गुरनुले तिच्यावरून रोज फाट्याच्या पोस्टातून आपल्या गावची डाक न्यायचे. अकरा किलोमीटरचा रस्ता, त्यातलं सात किलोमीटर जंगल. मागच्या भाद्रपदात एका दुपारी आंबेनाल्याच्या वळणावर वाघानं त्यांना मारलं. गाडी रस्त्याच्या कडेला स्टँडवर उभी होती, थैली हँडलला तशीच अडकवलेली. ते स्वतः नाल्याच्या अंगाला, पन्नास-साठ पावलं आत सापडले.

म्हातारा त्यांचा बाप, कवडूबाबा. ती त्यांची बायको, वनमाला. नवऱ्याच्या जागी पोस्टानं तिलाच घेतलं होतं. मोहबोडीची एसटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी साडेपाचला, आणि डाकेची वेळ दुपारची. आतापर्यंत कुणाच्या तरी मागे बसून तिनं निभावलं होतं.

"दुसरी गाडी पाहा ना वहिनी," मी म्हटलं. "हिच्यात काही राहिलं नाई."

"हेच गाडी पाहिजे," ती म्हणाली.

कवडूबाबा जमिनीवर टेकले. "गाडीचा का दोष," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "थो थांबला, म्हनून गाडी थांबली."

गावातही हेच बोललं जाई. आंबेनाल्याच्या डोहाजवळ लोक चोरून मोहाची दारू गाळत. दिवाकर तिथं प्यायला उतरला, वाघ आला. भर जंगलात माणूस उगाच कशाला उतरेल, असं सगळे म्हणत.

मी कुणाशी बोललो नव्हतो ते वेगळंच होतं. त्या दुपारच्या चारच दिवस आधी ही गाडी माझ्या गॅरेजातून सर्व्हिसिंग होऊन गेली होती. वनमालावहिनींना ते आठवत होतं की नाही, मला कळत नव्हतं, आणि विचारायची छाती होत नव्हती.

"ठेवा," मी म्हटलं. "पाहतो."

इंजेक्शनच्या गाड्या तेव्हा आमच्याकडे नव्यानंच येऊ लागल्या होत्या. माझी पंचवीस वर्षं कार्ब्युरेटरच्या गाड्यांत गेली. त्या गाडीला कान लावला की तिचं दुखणं ऐकू येतं. ह्या नव्या गाडीत टाकीतच पेट्रोलचा पंप, पुढे पेट्रोलचा फवारा सोडणारा बोटभर इंजेक्टर, आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारी एक बंद डबी. ती डबी काय विचार करते हे बाहेरून दिसत नाही. दिवाळीनंतर नागपूरला दहा दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आलो होतो आणि डबीनं नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचायचं छोटं यंत्रही आणलं होतं, पण ह्या गाड्यांची धास्ती काही गेली नव्हती.

पहिल्या आठवड्यात काम मात्र भरपूर सापडलं. टाकीच्या तळाशी गंजाचा चिखल होता. पंपाची जाळी बुजली होती. इंजेक्टर फवारा मारायच्या ऐवजी थेंब गाळत होता. उंदरांनी दोन जागी वायर सोलली होती. एकेक दोष सापडला की मला हायसं वाटायचं. हे सगळे दोष गोठ्यातल्या आठ महिन्यांचे होते. माझे नव्हते.

गाडी सुरू झाली. मी ती मोठ्या डांबरी रस्त्यानं वीस किलोमीटर पळवून आणली. एकदाही अडखळली नाही. यंत्र लावलं, एकही कोड नाही. वनमालावहिनी घ्यायला आल्या तेव्हा मी त्यांना किल्ली फिरवून दाखवली.

"आयका. सूं आवाज आला? हा पंप. हा आवाज आला तं गाडी चालू होईन. नाई आला तं होत नाई."

त्यांनी दोनतीनदा किल्ली फिरवून तो आवाज ऐकला. माहेरी भावाच्या गाडीवर शिकल्या होत्या, हात बरा होता. पदर खोचून त्या निघाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या. मागे कवडूबाबा, हातात काठी. वहिनींनी गाडी स्टँडवर लावली, पण हँडल काही सोडेनात.

"बंद पडली," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

"घरी जातानी, आंबेनाल्याच्या वळनावर."

मी कवडूबाबांकडे पाहिलं. ते टायरांच्या ढिगाकडे बघत होते.

"लाईट होता," वहिनी सांगू लागल्या. "हॉर्न वाजे. सेल्फ फिरे. पन आतली थे सूं नाई आली. मी दाबत रायली, दाबत रायली. मामाजी काठीनं झाडाचं खोड वाजवून रायले होते. मंग वाटलं, आता पळा लागते. गाडी उघडी टाकून कशी जाऊ म्हनून किल्ली काढून घेतली. मामाजी म्हने, अजून एक डाव पाय. परत लावली, अना सूं आली. लगेच चालू."

"किती वेळ गेला?"

"मले नाई ठाऊक जी. लय गेला."

"जागेतच काही हाय," कवडूबाबा पुटपुटले. "गाडीले ठाऊक झाली थे जागा."

मी पाणी आणायला आत गेलो. माठात तांब्या बुडवून मी तसाच उभा राहिलो. रस्त्यावर दुसरं कुठलंही ठिकाण असतं तर मी म्हटलं असतं, जुनी गाडी, करते त्रास. पण जागा तीच, आणि थांबणंही तेच असेल, तर भाद्रपदातही गाडी अशीच थांबली होती. तेव्हा ती गोठ्यात सडलेली नव्हती. चारच दिवसांपूर्वी माझ्या हातून गेली होती.

दोन दिवस मी दुसऱ्या गाडीला हात लावला नाही. पंपाला करंट सोडणारा रिले बदलला. जोड नव्यानं झाळले. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय का पाहिलं. तापून बंद पडत असेल म्हणून भर उन्हात दोन तास इंजिन चालू ठेवलं. ती गाडी शहाण्यासारखी चालत राहिली. यंत्रावर एकही कोड उमटेना. मी सीट काढून वायरी हलवल्या, ठोकल्या, ओढल्या. काही नाही.

दुपारी वहिनी डाक घेऊन परत जाताना थांबल्या.

"सापडलं?"

"नाई. इथं ती बंदच पडत नाई."

"इथं नाई पडनार. तिथं पडते," त्या म्हणाल्या. "तिथंच पाहा लागन."

मी बरीच कारणं सांगितली. हत्यारं तिथं कशी नेणार, उन्हाळ्याचे दिवस, नाल्याच्या डोहात पाणी आहे, वाघीण पिलं घेऊन फिरते असं फॉरेस्टचा गार्ड म्हणत होता. खरी गोष्ट अशी की भाद्रपदानंतर मी त्या रस्त्यानं एकदाही गेलो नव्हतो. मोहबोडीत एका लग्नाचं आमंत्रण होतं, तेही मी आजारी असल्याचं सांगून टाळलं होतं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"मले रोज जाचं हाय जी त्या रस्त्यानं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांची डाक घेऊन झाली आणि तीनच्या सुमारास आम्ही निघालो. मी पंपाच्या वायरीला एक लहानसा बल्ब जोडला होता आणि लांब वायर काढून तो मुठीत धरला होता. पंपाला करंट असेपर्यंत बल्ब जळणार. गाडी वहिनी चालवणार, कारण बंद पडली होती ती त्यांच्या हातात. मी मागे. पिशवीत स्क्रूड्रायव्हर, पाने, मीटर.

फॉरेस्टचं नाकं ओलांडलं आणि दोन्ही बाजूंनी जंगल आलं. वैशाख तोंडावर होता. सागाची पानं गळून खाली हातभर थर झाला होता. अशा दिवसांत जंगल विरळ दिसतं आणि माणसाला वाटतं, सगळं दिसतंय. पण सगळाच रंग एक होऊन जातो. वाळलेलं गवत, वाळली पानं, उन्हाचे पट्टे. मी बल्बकडे बघायचं सोडून सारखा डावीउजवीकडे बघत होतो.

"बल्बावर ध्यान ठेवा, भाऊ," वहिनी पुढून म्हणाल्या. त्यांना कसं कळलं कोण जाणे.

चार किलोमीटर गाडी एका सुरात गेली. मला वाटू लागलं, आज काही होणार नाही. मी मनात तशी विनवणीही केली. मग उतार सुरू झाला.

आंबेनाल्याचं वळण डावीकडे मोडतं. तिथं मागच्या पावसानं रस्त्याची कड खाऊन टाकली होती, अर्धा रस्ता नाल्याच्या बाजूला कलला होता. वहिनींनी वेग कमी केला. गाडी डावीकडे झुकली, एक खड्डा, लगेच दुसरा. आधी मुठीतला बल्ब विझला, मग इंजिन थांबलं.

गाडी पाचसहा हात तशीच घरंगळली आणि उभी राहिली.

इंजिनाचा आवाज गेला की जंगल किती जवळ येतं ते मला त्या दिवशी कळलं. पानावर पान पडलेलं ऐकू येत होतं. खाली नाल्यात डोह दिसत होता, हिरवा, हलत नसलेला.

"किल्ली फिरवू?" वहिनींनी हळू आवाजात विचारलं.

माझ्या तोंडाशी 'हो' आलं होतं. किल्ली बंद करून चालू केली की गाडी सुरू झाली असती आणि आम्ही दहा मिनिटांत मोहबोडीत असतो. पण किल्ली फिरवली की दोष पुन्हा लपून बसणार, आणि उद्या इथंच ही बाई एकटी उभी राहणार.

"किल्लीले हात लावू नका," मी म्हटलं. "अशीच राहू द्या. आताच पाहा लागन."

त्या उतरल्या. गाडी स्टँडवर घेतली. हँडलला बांधलेली काठी सोडली आणि माझ्याकडे पाठ करून नाल्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"तुमी तुमचं करा," त्या म्हणाल्या. "मी पाहते."

सीटचा बोल्ट खोलताना पाना दोनदा हातातून पडला. दुसऱ्यांदा तो डांबरावर इतका खणकन वाजला की मी तसाच खाली वाकून राहिलो. समोरच्या ऐनाच्या झाडावर वानरं होती. त्यांतलं एक खोकल्यासारखं ओरडलं. एकदाच. मग पुन्हा.

"वहिनी."

"आयकलं. थे खाली पाहून रायले." त्यांचा आवाज सपाट होता. "डोहाच्या पल्याड. लवकर करा जी."

मी मीटर लावला. बॅटरीत करंट होता. फ्यूज शाबूत. रिलेपर्यंत येत होता. पण रिलेला हुकूम देणाऱ्या वायरीत काहीच नव्हतं. म्हणजे पंप बिघडला नव्हता, वायर तुटली नव्हती. त्या बंद डबीनं जाणूनबुजून पेट्रोल तोडलं होतं.

का तोडेल? गाडी चालू आहे, माणूस वर बसलाय, ती पेट्रोल का तोडेल?

वानर पुन्हा ओरडलं. आता दोनतीन मिळून. पलीकडे कुठंतरी वाळल्या पानांवर काहीतरी चाललं, थांबलं. माझ्या मानेवरून घाम ओघळला आणि मीटरवर पडला. मला नागपूरचा वर्ग आठवला, फळ्यासमोरचा तो पोरगेला इंजिनियर. गाडी आडवी पडली तर पेट्रोल आपोआप बंद झालं पाहिजे, नाहीतर आग लागेल. त्यासाठी आत एक छोटं काळं खोकं असतं. गाडी पडली असं त्याला वाटलं की ते डबीला सांगतं, आणि मग किल्ली बंद करून पुन्हा लावल्याशिवाय पंप चालू होत नाही.

मी बाजूचं झाकण काढलं. बॅटरीच्या मागे ते खोकं होतं, काडेपेटीएवढं. गॅरेजात मी ते दोनदा पाहिलं होतं. वरचा स्क्रू दिसला होता, जागेवर होतं. आता बोट आत घालून हलवलं. ते वरच्या एकाच स्क्रूवर पाळण्यासारखं हललं. खालच्या स्क्रूचं भोक रिकामं होतं. गाडी डावीकडे झुकली, खड्ड्यानं हिसका दिला, खोकं तिरपं झालं, आणि त्याला वाटलं, गाडी पडली.

रिकाम्या भोकाशी माझं बोट थांबलं. भाद्रपदातली सर्व्हिसिंगची ती दुपार मला जशीच्या तशी आठवली. बॅटरीचे जोड साफ करायला मीच ते खोकं सोडवलं होतं. ते काय आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. काहीतरी रिले असेल म्हणून परत बसवताना खालचा स्क्रू हाताला नीट लागेना. दिवाकरभाऊ बाहेर उभे होते, डाकेची वेळ झाली होती. मी म्हटलं, एका स्क्रूवर राहतं की. आणि झाकण लावलं.

"मिस्त्री भाऊ," वहिनी म्हणाल्या. त्या एक पाऊल मागे आल्या होत्या, त्यांचा खांदा गाडीला लागला होता. "वानरं चूप झाले."

मी वर पाहिलं. झाडावर एकही हालचाल नव्हती. सगळी एकाच दिशेला बघत बसली होती, आमच्या बाजूला.

"बसा," मी म्हटलं. "किल्ली बंद करा. लावा परत."

मी खोकं बोटानं सरळ दाबून धरलं. सूं असा आवाज आला. सेल्फला गाडी सुरू झाली. मी उघड्या पत्र्यावरच मागे बसलो, सीट काखेत, एक हात त्या खोक्यावर. वहिनींनी गाडी सोडली. मागं वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. आमच्यामागे काही होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही.

"का सापडलं?" जंगल विरळ झाल्यावर त्यांनी विचारलं.

"सापडलं," मी म्हटलं. "घरी चला आधी."

उरलेल्या तीन किलोमीटरमध्ये मी उत्तर तयार केलं. उंदीर. उंदरांनी सीट खाल्ली होती, वायर सोलली होती, ते सगळ्यांनी पाहिलंच होतं. खोक्याचा रबर खाल्ला, खोकं ढिलं झालं. कुणी विचारणार नव्हतं. फाट्यावर मला सोडलं तर त्या खोक्याचं नाव सांगेल असा माणूस नव्हता. मी मनात ते वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. चांगलं बसत होतं.

कवडूबाबा अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. माझ्या काखेत सीट पाहून उठले.

"पुन्हा पडली?"

"पडली," वहिनी म्हणाल्या. "पन मिस्त्री भाऊले सापडलं."

"का होतं?"

"एक खोकं ढिलं हाय," मी म्हटलं. "उंदरांनी—"

"हां, उंदीर," म्हातारा म्हणाला. "म्हनजे आता झालं थे. तवा काही नव्हतं." ते पुन्हा खाली बसले, फुलांवरून हात फिरवू लागले. "मी हेच सांगतो ना सूनबाईले. तवा गाडी चांगली होती. तुमीच तं चार दिवस आंधी पाहून देल्ली होती. थो दारूसाठी उतरला. बाप हावो मी, मले का बरं वाटते बोलाले?"

त्यांना आठवत होतं. माझ्या हातच्या कामावरच त्यांनी पोराला दोषी ठरवलं होतं.

वहिनी खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी तयार केलेलं वाक्य मला सापडेना.

"उंदीर नाई, बाबा," मी म्हटलं. "तवा बी तेच झालं. खोक्याचा एक स्क्रू मी लावला नाई. माझ्या हातानं राहिला. त्या वळनावर गाडी आपोआप बंद पडली. किल्ली बंद करून लावली असती तं चालू झाली असती, पन हे त्याइले कोन सांगनार? मलेच ठाऊक नव्हतं."

म्हाताऱ्याचा हात फुलांवर थांबला.

"थो उतरला नाई?"

"उतरला असन. पन गाडी बंद पडली म्हनून."

मी मार खायच्या तयारीनं उभा होतो. खरं सांगायचं तर मार मिळाला असता तर बरं वाटलं असतं.

"किल्ली चालूच होती," वहिनी हळूच म्हणाल्या. "गार्डनं मले सांगतलं होतं. गाडीपाशी गेलो तवा किल्ली चालू होती, बॅटरी उतरून गेली होती म्हने. मी तेच धरून बसली होती. माणूस थांबतो तं किल्ली बंद करते. पन मले बी खात्री नव्हती जी." त्या खाली बसल्या. "दोन वर्सं झाले होते दारू सोडून. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सोडली होती. सगळे सांगत, चोरून पेत होता. मले वाटे, मले फसवलं का ह्यांनी? रातभर हेच. म्हनून म्हनलं, हेच गाडी पाहिजे. तिलेच ठाऊक हाय."

कवडूबाबा उठले. आत गेले. कुडाच्या भिंतीपलीकडून आवाज आला, तो रडण्याचा आहे हे कळायला मला वेळ लागला. आठ महिन्यांत त्यांनी पोराचं नाव घेतलं नव्हतं, हे मला नंतर वहिनींनी सांगितलं. त्या दिवशी ते आतून दोनदा म्हणाले, "दिवाकर पेला नव्हता. दिवाकर पेला नव्हता वं."

बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. माझ्यासमोर थांबले, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"साडेपाचची एसटी हाय," ते म्हणाले. "तिनंच जा. पायी जाऊ नोका."

मी खोकं तारेनं घट्ट बांधून दिलं, सीट बसवली आणि एसटीत बसलो. आंबेनाल्याच्या वळणावर मी डोळे मिटले. चारचौघांत, बंद खिडकीच्या आत बसूनही.

दुसऱ्या दिवशी मी गॅरेज उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं तर वहिनी दारात गाडी घेऊन उभ्या.

"स्क्रू लावाचा रायला," त्या म्हणाल्या.

मी दोन्ही स्क्रू नवे लावले. त्या शेजारी बसून बघत होत्या. गाडीवर बसताना म्हणाल्या, "पोचली की मिस कॉल देते."

ह्याला आता सहा वर्षं झाली. कवडूबाबा गेले. फाट्यावर आणखी दोन गॅरेजं झाली, त्यांतली पोरं कंपनीत शिकून आलेली आहेत, माझ्यापेक्षा हुशार. तरी दर महिन्याला वहिनी ती गाडी माझ्याकडेच आणतात. एकदा मी न राहवून म्हटलं, "वहिनी, माझ्या हातून एवढं झालं. तुमी दुसऱ्याकडं काहून नेत नाई?"

त्या हँडलला थैली अडकवत होत्या.

"दुसऱ्याले भेव वाटत नाई जी," त्या म्हणाल्या. "तुमाले वाटते."

आणि किक मारून निघून गेल्या. फाट्यावरून मोहबोडीला पोचायला त्यांना वीस-बावीस मिनिटं लागतात. फोन समोर ठेवून मी बाकावर बसतो. तो एकदा वाजून बंद होईपर्यंत मी दुसऱ्या गाडीला हात लावत नाही.